मी, अक्षरं ओतणारा कारखाना

मी एक जुना कारखाना बोलतोय. बोलतोय खरा, पण मी सांगेन ते सगळं तस्संच घडलं होतं अशी हमी माझ्याकडे मागू नका. वय झालं. माझं धुराडं आधी बांधलं की मागचा दरवाजा आधी बसवला, हे मला आता नक्की आठवत नाही. कधी वाटतं, धुराडंच आधी. मग वाटतं, दरवाजाच नव्हता तर गवंडी विटा घेऊन आत आले कुठून? असं झालं की मी तो विषय सोडून देतो. तुम्हीही सोडून द्या.

एवढं मात्र खात्रीनं सांगतो, की माझ्या पोटात अक्षरं ओतली जायची. छपाईचे खिळे म्हणतात ना, तेच. एका टोकाला उलटं अक्षर असलेली धातूची लहानशी कांडी. शिसं वितळवायचं, त्यात थोडं कथील घालायचं, आणखी एक ठिसूळ धातू मिसळायचा, की खिळ्यांचा रस तयार. ओतारी तो पळीनं साच्यात सोडायचा, साच्याला एक झटका द्यायचा आणि साचा उघडला की लखलखीत अक्षर बाहेर पडायचं. ताज्या अक्षराला हात लावला तर बोट भाजायचं. थंड झालं की तेच अक्षर कुणाच्याही नावात, कुणाच्याही निरोपात, कुणाच्याही खोट्या जाहिरातीत निमूट जाऊन बसायचं.

मागे भट्टीची काळीकुट्ट खोली, मधे खिळे घासून सारखे करण्याची खोली आणि पुढे एक लहानसा छापखाना, असा माझा संसार. भट्टीच्या खोलीची मला लाज वाटायची. पाहुणे आले की मनात म्हणायचो, यांना पुढूनच परत पाठवा, नाहीतर सरळ अंगणात न्या. कारण अंगणात गुलाबाचा वाफा होता. मालकीणबाईंनी लावलेला. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

माझं शिक्षण पुढच्या छापखान्यात झालं. तिथे मुद्रितं तपासली जायची. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा. वाचणारा विरामचिन्हांसकट वाचायचा. “रुग्णास ताप असल्यास स्वल्पविराम त्यास पूर्ण विश्रांती द्यावी पूर्णविराम.” वैद्यक, कायदा, ग्रहतारे, व्याकरण, कोंबड्या कशा पाळाव्यात, सगळं मी असंच ऐकलं. त्याचा एक तोटा झाला. एका ग्रंथात ऐकलं, सकाळी उठल्याबरोबर गार पाणी प्यावं. थोड्याच दिवसांनी दुसऱ्या ग्रंथात ऐकलं, मुळीच पिऊ नये. तेव्हापासून मी कशावरच ठाम मत देत नाही. ज्ञान वाढत गेलं तशी माझी धास्तीही वाढत गेली.

माझ्या पहिल्या मालकांना सगळे नुसतं ‘मालक’ म्हणत. माणूस टापटिपीचा. शिसं सोन्याच्या भावाचं नसलं तरी फुकटचंही नव्हतं, म्हणून भट्टीच्या खोलीतला केर बाहेर टाकायची सक्त मनाई होती. फरशी सारखी झाडायची, केर चाळायचा आणि त्यातला धातूचा कण न कण परत कढईत टाकायचा. ओतारी चेष्टेनं म्हणायचे, “मालकांच्या हातून खिळा पडला तर तो जमिनीला लागायच्या आधी मालक खाली पोचतात.”

शिशाचं एक वाईट आहे. ते कापत नाही, वास मारत नाही, ओरडून सांगत नाही. हाताला राखाडी होऊन चिकटतं, घासाबरोबर पोटात जातं आणि मग हाडांत मुक्काम ठोकतं. मोठ्या माणसांनाही ते पोखरतं, पण लहान मुलांना फार. वाढत्या वयात त्यांची बुद्धीच खुरटवून टाकतं. मालकांनी हे कुठल्याशा मासिकात वाचलं आणि लगेच अंगणात हात धुवायला दगडी डोणी बसवून घेतली. हात धुतल्याशिवाय कुणी डब्याला शिवायचं नाही. स्वतः उभे राहून तपासायचे.

“हात दाखव.”

“धुतले की, मालक.”

“नखं?”

“मालक, माझ्या सासूनंसुद्धा इतकं तपासून घेतलं नव्हतं मला!”

“म्हणूनच तुझी बायको अजून कपाळाला हात लावून बसलेली असते. घास पुन्हा.”

सगळे हसायचे, आणि पुन्हा घासायचे. त्या काळात इतर कारखान्यांत ओताऱ्यांच्या पोटात कळा यायच्या, मनगटं लुळी पडायची. माझ्याकडे असं क्वचितच झालं. निदान माझ्या कानावर तरी फारसं आलं नाही.

मालकीणबाईंना मात्र त्या डोणीतून वाहून जाणारं पाणी बघवेना. “एवढं पाणी गटारात?” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोणीपासून गुलाबांपर्यंत एक पन्हळ घालून घेतली. हात धुतलेलं सगळं पाणी गुलाबांना. गुलाब काय फुलायचे! नवऱ्यानं माणसं जपली, बायकोनं पाणी जपलं. दोघांनीही चांगलंच केलं, हे मी आताच सांगून ठेवतो. पुढे जे निघालं त्यावरून कुणी त्यांना नावं ठेवू नयेत.

त्यांची मुलगी माझ्या अंगणातच वाढली आणि पुढे माझ्याच छापखान्यात मुद्रितं तपासू लागली. भावाला मुलगी झाली तेव्हा ती आत्या झाली, आणि हळूहळू साऱ्या गल्लीचीच आत्या झाली. तिच्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. छापलेल्या पानावरची चूक तिला डोळे मिटूनसुद्धा टोचायची. बोलण्यातही तेच. कुणी म्हणालं, “मी काल येणार आहे,” की ही, “होतो.” कुणी म्हणालं, “तिला माझी आठवण होते,” की ही, “येते. होते ती अडचण.” लग्न जमवायला आलेल्या एका पाहुण्याला तिनं एकाच बैठकीत इतक्यांदा दुरुस्त केलं, की तो चहा अर्धा टाकून उठला. तिला त्याचं काही वाटलं नाही. “ज्याला वाक्य पूर्ण करता येत नाही, त्याच्याशी संसार कसा करायचा?” असं तिनं आईला विचारलं होतं.

मग दिवस पालटले. लोक पडद्यावर अक्षरं जुळवायला लागले. त्यांना ना शिसं लागायचं ना भट्टी. ओतारी एकेक करून गेले. भट्टी विझली ती विझलीच. डोणी कुणीतरी उपटून नेली, पन्हळ फुटली, तिच्यावरून सिमेंट ओतलं गेलं. मालक गेले, मालकीणबाई गेल्या, आत्याचा भाऊही गेला. माझ्या खिडक्यांत कबुतरं राहायला आली. कबुतरांना वाचायची आवड नसते. त्यांची मला तक्रार नाही, पण सोबतही झाली नाही.

आत्या तेवढी येत राहिली. केस पांढरे झाले तरी झारी घेऊन यायची, गुलाबांना पाणी घालायची, वाळलेली फुलं काढायची आणि मला कुलूप लावून जायची. आईच्या हातची तेवढीच गोष्ट तिच्याकडे उरली होती.

एक दिवस तिच्याबरोबर तिची भाची आली. चाळिशीला टेकलेली बाई, पण आत्यासाठी चिमीच. चिमी एका इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत पाळणाघर चालवायची. नोकरी करणाऱ्या आया सकाळी मुलं सोडून जायच्या, संध्याकाळी न्यायच्या. आता घरमालकाला त्या खोल्या परत हव्या होत्या आणि चिमीला परवडेल अशी दुसरी जागा मिळत नव्हती. जागा नाही म्हणजे पाळणाघर नाही, आणि पाळणाघर नाही म्हणजे त्या आयांपैकी निम्म्यांची नोकरी नाही.

“आत्या, ही जागा दे मला,” चिमी सरळच म्हणाली.

“मुलं? इथे? अगं, शिशाचा कारखाना होता हा!”

“ठाऊक आहे. म्हणून आधी तपासून घेऊ. माती, भिंती, सगळं. ठीक निघालं तरच.”

“आणि ठीक नाही निघालं तर?”

चिमी माझ्या उंबऱ्यावरची कबुतरांची विष्ठा पायानं बाजूला सारत राहिली.

मुलं! माझ्यात! माझ्या तुळयांमधून शहारा गेला. मग लगेच धास्ती बसली. आयुष्यभर मी शिसं पोटात घेऊन बसलेला. माझ्यामुळे एखाद्या पोराला काही झालं तर? पाडलं जाणं परवडलं. पण ठीक निघालो नाही तर मला पाडतील या विचारानंही भीती वाटायची. दोन्ही भीत्या एकदम बाळगायची मला सवयच आहे.

तपासनीस बाई आल्या. जुन्या, दूषित असू शकणाऱ्या जागा तपासणं हेच त्यांचं काम. पायात जाड बूट, पाठीला पोतडी, हातात पिस्तुलासारखं एक यंत्र. ते यंत्र भिंतीला टेकवलं की शिसं आहे की नाही ते सांगतं. त्यांची पद्धत मला आवडली. आधी नुसतं विचारत सुटल्या. भट्टी कुठे होती, कोळसा कुठे ठेवायचे, धुराडं कुठल्या बाजूला ओकायचं.

“काकू, मग इथे धातूचा साठा...”

“आत्या म्हणा. सगळे म्हणतात. आणि साठा नाही, लाद्या. लाद्या रचलेल्या असायच्या.”

“बरं, आत्या. तर लाद्या इथे, आणि राख?”

“मागच्या दाराशी.”

बाईंनी गिरमिट काढलं, मोठं, माती भेदणारं. भट्टीखालची फरशी उचकटून तिथली माती घेतली. मागच्या दाराशी घेतली. धुराड्याखाली घेतली. मग अंगणात वळल्या तर आत्या वाटेत उभी.

“गुलाबांना हात लावायचा नाही.”

बाईंनी वाफ्याकडे पाहिलं. भट्टीपासून दूर, टवटवीत पानं, हातभर उंच वाढलेली झाडं. हसल्या. “नाही लावत. माझ्या आईचेही असेच होते. कुणाला जवळ फिरकू देत नसे.” आणि गिरमिट पुसून पोतडीत ठेवलं.

कुणालाही तसंच वाटलं असतं. मला स्वतःला वाटलं. कुणी मला विचारलं असतं, तुझं विष कुठे आहे, तर मी भट्टीकडेच बोट दाखवलं असतं.

निकाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ऐकलेले सगळे वैद्यकाचे ग्रंथ आठवून झाले. त्यातलं निम्मं एकमेकांच्या विरुद्ध होतं.

मग एका दुपारी बाई आल्या. चिमी आधीच येऊन बसली होती. आत्या पायरीवर.

“इमारतीत शिसं आहे,” बाई म्हणाल्या. “भट्टीच्या खोलीत तुळयांवर धूळ साठली आहे, तीत. खिडक्यांच्या जुन्या रंगात. ते काढता येईल. जाणती माणसं लावून, ओलं करून, नीट. पण जमिनीत... खरं सांगू? मला विश्वास बसेना. पुन्हा तपासून घेतलं. भट्टीच्या खाली जवळजवळ काहीच नाही.”

“असेल कसं?” आत्या ताठ बसली. “माझे वडील कण सांडू देत नसत.”

चिमीचा आवाज बारीक झाला होता. “म्हणजे... मुलं आणता येतील?”

“इमारत साफ झाली की आणता येतील.”

चिमीनं ओढणीत तोंड लपवलं.

“रडतेस काय?” आत्या म्हणाली. “आनंदाच्या वाक्यापुढे उद्गारचिन्ह द्यायचं असतं, टिंबं टिंबं नाहीत.” पण तिनंही चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “आता माझं ऐक. तो गुलाबांचा वाफा मुलांना दे. एवढी मऊ माती तुला कुठे मिळायची नाही. खणू देत, लोळू देत, चिखल करू देत. काटे मी छाटून ठेवीन.”

“आत्या! मला लहानपणी त्या वाफ्याजवळ उभं राहू दिलं नाहीस!”

“तू कळ्या खुडायचीस.”

“एकदाच!”

“एकदाच पकडली गेलीस.”

तिघीही हसल्या. मीही सुखावलो. आणि त्या सुखातच मला कुठूनशी ती पन्हळ आठवली. पाणी होतं, पाण्यात राखाडी होती, ते कुठेतरी जायचं. गुलाबांकडे? की गटाराकडे? होती का ती पन्हळ खरंच, की दुसऱ्याच कुठल्या बागकामाच्या पुस्तकात ऐकलेली? मी आठवायचा प्रयत्न केला आणि जितका केला तितकं ते चित्र पुसट होत गेलं. बोलायला मला तोंड नाही. असतं तरी काय बोललो असतो? “बहुधा” म्हणालो असतो. बहुधा या शब्दावर कोण आनंद मोडून घेतं?

“चला, आता डबा खाऊन घेते,” तपासनीस बाई उठल्या. “सकाळपासून पोटात काही नाही. आत्या, हात कुठे धुवू?”

“आत,” आत्यानं हात वर केला, “आत नळ...”

आणि तिचा हात तसाच राहिला.

ती सिमेंटच्या त्या तुकड्याकडे बघत होती. मग गुलाबांकडे. मग चिमीकडे. चिमी अजून हसत होती, डोळे पुसत होती, कुणालातरी फोन लावायच्या बेतात होती. आत्याला मुद्रितं वाचताना मी खूपदा पाहिलं आहे. ओळीवरून फिरणारी पेन्सिल अशीच थांबायची.

“काय झालं?” चिमीनं विचारलं.

“काही नाही,” आत्या म्हणाली. आणि मग लगेच, “नाही. झालं आहे. फोन ठेव.”

“अगं, काय?”

“इथे हात धुवायची माणसं. या सिमेंटच्या जागी दगडी डोणी होती. दिवसभराचं शिसं हातावर घेऊन यायची आणि इथे धुवायची. वडील उभे असायचे.”

बाईंनी उघडलेला डबा बंद केला. “आणि पाणी कुठे जायचं?”

आत्यानं बोट दाखवलं नाही. नुसती गुलाबांकडे मान वळवली. “आईला पाणी वाया गेलेलं चालत नसे,” ती म्हणाली.

मग चिमी हळूच म्हणाली, “नक्की आठवतंय का तुला? तू लहान होतीस. कदाचित पाणी दुसरीकडे...”

“चिमी.”

“आत्या, घरमालकानं महिनाअखेरीला किल्ली मागितलीय. मी आयांना काय सांगू?”

“ते मला माहीत नाही. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता मीच मुलांना त्या वाफ्यात बसवायला निघाले होते. ही चूक दिसल्यावर पान छापायला सोडू?”

चिमी उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेली, परत आली. बाईंच्या पुढ्यात उभी राहिली. “तपासा तिथली माती,” ती म्हणाली. मग आत्याकडे न बघता, “बरं झालं बोललीस. पण तुझा भयंकर राग आलाय मला.”

“येऊ दे,” आत्या म्हणाली. “बरोबर आहे वाक्य.”

बाईंनी ते पिस्तूल वाफ्याच्या मातीला टेकवलं. आकडा पाहिला, यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा टेकवलं. मग म्हणाल्या, “या मातीत कुठलंच मूल बसायला नको.”

असं माझं सगळं शिक्षण एका दुपारी उलटं झालं. ज्या काळ्या खोलीची मला जन्मभर लाज वाटली तिच्या खालची जमीन निर्मळ, आणि ज्या वाफ्याचा अभिमान धरला तिथे सगळ्यांच्या हातांवरचं शिसं साठलेलं. स्वतःबद्दलसुद्धा माणसाला, म्हणजे कारखान्याला, किती कमी कळतं!

पुढचे महिने गडबडीचे गेले. चिमीनं त्या भाड्याच्या खोल्या सोडल्या. पाळणाघरातली मुलं दोन घरांत वाटली गेली, काही तिच्या, काही आत्याच्या. आत्याच्या घरी भिंतींवर खडूच्या रेघोट्या आल्या, आणि ज्या पोरांना अजून धड बोलता येत नव्हतं तीसुद्धा “होते नाही, येते” असं एकमेकांना बजावायला लागली. माझ्याकडे तोंडाला फडकी आणि अंगाला पांढरे डगले घातलेली माणसं आली. त्यांनी तुळया पुसल्या, खिडक्यांचा रंग ओला करून खरवडला. वाफा खोलवर खणला, माती जाड पिशव्यांत बांधली, झाकलेल्या गाडीतून नेली आणि तळाशी जाड कापडाचा थर घालून वर दुसरीकडची चांगली माती भरली.

खणायच्या आदल्या दिवशी आत्या कात्री घेऊन आली. तिला तपासनीस बाईंना काही विचारायचं होतं, पण विचारत नव्हती. नुसती वाफ्याभोवती फिरत होती.

“फांद्यांची कलमं घ्या,” बाई आपण होऊन म्हणाल्या. “वरच्या कोवळ्या फांद्या. धुवून स्वच्छ मातीत लावा. मुळं मात्र न्यायची नाहीत.”

“मला तेच...” आत्या म्हणाली, आणि तिचं वाक्य दुसऱ्यांदा अर्धं राहिलं.

आता भट्टीच्या खोलीत मुलं दुपारची झोपतात. पितळी पळ्यांच्या जागी भिंतीवर त्यांच्या टोप्या टांगलेल्या असतात. खिळे घासण्याच्या खोलीत ठोकळे आहेत, रंगखडू आहेत आणि रोज कुणाकडून तरी हरवणारी एक खेळण्यातली निळी गाय आहे. अंगणात बुटक्या नळांची रांग बसवली आहे. मुलं बाहेरून आली की हात धुतात. आत्या खुर्ची टाकून बसते आणि म्हणते, “हात दाखव.” कुणी म्हणतं, “धुतले ना!” ती म्हणते, “नखं?” नळांचं पाणी सरळ गटारात जातं. आत्याला ते वाया गेलेलं दिसतं. ती ओठ मिटून घेते.

मी सुखात आहे. काळजी हा माझा स्वभाव आहे, त्याला सुखाची आडकाठी नाही.

तपासनीस बाईंनी जागा उत्तम असल्याचं सांगितलं, तरी चिमीनं एक नियम स्वतःहून घातला. दरवर्षी आयांना विचारून मुलांचं रक्त तपासून घ्यायचं. निकाल आले की ती दाराशी उभी राहून वाचायची. पण मनातल्या मनात. माझी सगळी विद्या ऐकीव. मोठ्यानं वाचलेलंच मला कळतं. तिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचो. बहुतेक वेळा ती कागद घडी करून भाजी निवडायला बसायची, तेव्हा मी समजायचो, ठीक असावं. एका वर्षी मात्र ती कागद हातात धरून किती वेळ तशीच उभी राहिली. मग आत्याला खुणेनं बोलावलं, तपासनीस बाईंना फोन केला आणि चप्पल पायात सरकवून कुठेतरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाई यंत्र घेऊन आल्या. माझा कोपरा न कोपरा त्यांनी पुन्हा तपासला. कुणी काही बोललं नाही. निदान माझ्याजवळ नाही.

ती धास्ती मी कित्येक वर्षं उराशी घेऊन बसलो. मुलं हसायची तेव्हाही ती जागी असायची. कुणाच्या रक्तात? माझ्या कुठल्या भिंतीतलं? कुठला कोपरा राहिला होता?

मला विचाराल तर जुन्या वास्तूंना पाडून टाकू नका, असं मी सरसकट म्हणणार नाही. काही पाडाव्याच लागतात. पण आधी विचारा. भट्टी कुठे होती ते विचारा, आणि हात कुठे धुवायचे तेही विचारा. आम्हाला नीट आठवत नसलं तरी आमच्याजवळ बसून ज्यांना आठवतं त्यांना विचारा. एवढीच विनंती आहे.

परवा एक तरुण आई आली. कडेवर मुलगी. दारातच थांबली.

“मला कुणीतरी सांगितलं,” ती म्हणाली, “ही जागा पूर्वी शिशाचा कारखाना होती. खरं आहे का?”

“खरं आहे,” चिमी म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. भट्टी, डोणी, वाफा, खणलेली माती. काही लपवलं नाही. “आणि आम्ही दरवर्षी मुलांचं रक्त तपासतो. आजवर एकाही मुलाच्या...”

“चिमी, वाक्य दुरुस्त कर,” खुर्चीतून आत्या म्हणाली. आता ती काठी घेऊन चालते, पण कान शाबूत आहेत. “एकाच्या रक्तात सापडलं होतं.”

त्या आईनं मुलीला घट्ट धरलं. माझ्या तुळया करकरल्या की काय असं मला वाटलं.

“आत्या! पुढचं मी सांगणारच होते!”

“मग आधी सांगायचं. अर्धं वाक्य म्हणजे खोटं वाक्य.”

“तू सांग मग,” चिमी वैतागून म्हणाली.

“एक मुलगा होता,” आत्या त्या आईकडे वळली. “त्याच्या रक्तात जास्त निघालं. बाईंनी ही सगळी जागा पुन्हा तपासली. इथे काही नव्हतं. मग त्या त्याच्या घरी गेल्या. घर जुनं, खिडकीच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि पोरगं रोज तिथे उभं राहून आईची वाट बघत खिडकीचं लाकूड चावायचं. रंग काढला, डॉक्टरांनी औषध दिलं. पुढच्या वर्षी त्याचं रक्त ठीक आलं.”

“आता कसा आहे तो?” त्या आईनं विचारलं.

“शाळेत जातो. शुद्धलेखन भयंकर आहे. पण त्यात शिशाचा दोष नाही, मास्तरांचा आहे.”

ती आई हसली. थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं मुलीला कडेवरून खाली उतरवलं, आणि मुलगी थेट निळ्या गाईकडे धावली.

“तो दुसऱ्या पाळणाघरात असता,” चिमी तिला म्हणाली, “तर त्याचं रक्त कुणी तपासलंच नसतं. कारखाना नव्हता ना तिथे कधी.”

हे दोघींनी मोठ्यानं सांगितलं, म्हणून मला कळलं. त्या मुलाच्या रक्तातलं शिसं त्याच्या घरच्या खिडकीतलं होतं, माझं नव्हतं.